४ जूनचा निकाल, ४ जुलैचं मतदान

मी जिल्हा परिषदेचा रिटायर्ड मास्तर, अकोला जिल्ह्यातला. नोकरीभर इलेक्शन ड्युटी केली, आधी मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून. पहाटे उठून एजंटांसमोर मॉक पोल घ्यायचा, मशीन सील करायचं, दिवसभर बोटाला शाई, आणि रात्री साहित्य जमा करून घरी येईपर्यंत उजाडायचं. आजारी म्हाताऱ्यांना पोरांनी खाटेवर घालून मतदानाला आणलेलं मी बघितलंय, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. आणि शाळेत वर्षानुवर्षं एक वाक्य ऐकत आलो की लोकशाही आपल्याला इंग्रजांनी दिली. दिली म्हणजे त्यांच्याकडे ती आधीपासून असणार. मग कधीपासून होती आणि कोणाकोणाला होती, हे मात्र कुठल्याच धड्यात नव्हतं.

भाची लंडनमध्ये हॅरोला राहते, तिचं बरेच दिवस चाललं होतं, मामा या, मामीला घेऊन या. तिकिटं काढून झाली होती आणि २२ मे २०२४ ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर पावसात डाउनिंग स्ट्रीटवर उभं राहून ४ जुलैची निवडणूक जाहीर केली. आमच्या अकोल्याचं मतदान २६ एप्रिलला झालं, देशाचा निकाल ४ जूनला लागला, आणि त्यानंतर बरोबर महिन्याने तिकडचं मतदान. मी भाचीला फोनवरच सांगितलं, मादाम तुसाँ आणि लंडन आय तुम्ही मामीला दाखवा, मला हे मत कुठून कसं आलं त्या जागा बघायच्यात.

शुक्रवार, २८ जून

हीथ्रोवरून घरी येताना सगळा रस्ता मी खिडकीतून बघत होतो की निवडणूक कुठे दिसते का. सहा दिवसांवर मतदान आणि एक बॅनर नाही, कट आउट नाही, भोंगा लावलेली रिक्षा नाही. एखाद्या घराच्या खिडकीत छोटंसं पोस्टर, बास. जावई म्हणाले मामा, इथे टीव्हीवर पक्षांना जाहिरात विकत घेताच येत नाही, कायद्याने बंदी आहे, पक्षांना ठराविक मिनिटं फुकट मिळतात तेवढीच. दारातल्या पत्रपेटीतून मात्र रोज दोन तीन पत्रकं आत पडतात. मी ती सगळी गोळा करून ठेवली, अकोल्याला आणायला.

शनिवार, २९ जून : वेस्टमिन्स्टर

संसद ३० मेलाच विसर्जित झालेली, बैठका नव्हत्या, त्यामुळे तिकीट काढून आतून फिरता आलं. आधी वेस्टमिन्स्टर हॉल. १०९७ साली बांधलेला, म्हणजे आपल्याकडे यादव अजून चालुक्यांचे मांडलिक होते तेव्हाचा. आत शिरलं की मान आपोआप वर जाते, एवढं मोठं लाकडी छत आणि मध्ये एकही खांब नाही. पण मी खालीच बघत होतो, कारण पायऱ्यांवर एक पितळी पाटी बसवलीय, पहिल्या चार्ल्स राजाला खटल्यात जिथे उभं केलं होतं ती जागा. जानेवारी १६४९. राजावर प्रजेच्या नावाने खटला आणि ३० तारखेला इथून जवळच, बँक्वेटिंग हाउसच्या बाहेर, भर रस्त्यात शिरच्छेद. मी त्या पाटीजवळ बराच वेळ उभा होतो, लोक बाजूने जात होते.

आणि याच हॉलमध्ये कंपनीचा भारतातला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जचा महाभियोग चालला, १७८८ ते १७९५. हा तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या काळात वडगावला इंग्रज मराठ्यांकडून हरले आणि पुढे १७८२ ला सालबाईचा तह झाला. खासदार एडमंड बर्कने इथे उभं राहून भारतातल्या लुटीचा पाढा वाचला, बघायला तिकिटं काढून उमराव बायका यायच्या. सात वर्षांनी निकाल काय, तर निर्दोष. मला यात दोन्ही गोष्टी मोठ्या वाटतात, की एवढ्या मोठ्या माणसाला जाब विचारला गेला, आणि की ज्यांना लुटलं त्यांच्यातला एकही जण त्या सभागृहात मत द्यायला नव्हता.

पुढे सेंट स्टीफन्स हॉल. भिंतीवर सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात उभा आहे असं मोठं चित्र आहे. पण मला बघायचा होता फॉकलंड नावाच्या सरदाराचा संगमरवरी पुतळा. १९०९ साली स्त्रियांच्या मतासाठी लढणाऱ्या एका बाईने स्वतःला त्या पुतळ्याला साखळीने बांधून घेतलं, पोलिसांनी साखळी तोडताना पुतळ्याच्या बुटाची आर तुटली, ती आजपर्यंत तुटलेलीच ठेवलीय. मी वाकून बघितली, टाचेमागे नुसता एक खुंट राहिलाय. हिला दाखवली तर ही म्हणाली, दुरुस्त नाही केली ते बरं केलं.

कॉमन्सचं, म्हणजे तिथल्या लोकसभेचं, सभागृह टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा फारच लहान. ६५० खासदार आणि बसायला जागा साधारण ४२७ जणांना, बाकीचे दाराशी उभे राहतात. आधीचं सभागृह १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, हे नंतर बांधलेलं, आणि आत यायचे दरवाजे भारत आणि पाकिस्तानने भेट दिलेले. हिरव्या बाकांवर आपल्याला बसू देत नाहीत. एका पोराने टेकायचा प्रयत्न केला तर लगेच उठवलं, निवडून आल्याशिवाय बसायचं नाही. मला हा नियम फार आवडला.

संध्याकाळी घरी टी ट्वेन्टी वर्ल्ड कपची फायनल, सूर्यकुमारचा तो कॅच, सात रन्सनी जिंकलो, हॅरोमधली अर्धी गल्ली ओरडत होती. त्या दिवशी इतिहासाचं पुढे काही वाचन झालं नाही.

रविवार, ३० जून : पटनी

पटनीला थेम्सच्या काठावर पुलाला लागूनच सेंट मेरीज नावाचं चर्च आहे. बाहेरून साधं. पण १६४७ च्या ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये, राजाला हरवलेल्या सैन्यातले साधे शिपाई आणि त्यांचे सेनापती इथे समोरासमोर बसले आणि वाद घातला की आता राज्य कोणाच्या मताने चालवायचं. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा १७ वर्षांचे. कर्नल रेन्सबरो म्हणाला की इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसासारखंच जगायला आयुष्य आहे, म्हणून ज्याने राज्याखाली राहायचं त्याची आधी त्याला संमती पाहिजे. हे त्याचं वाक्य चर्चच्या आत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्यावर सेनापती क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, ज्याची या देशात कायमची मालमत्ता आहे त्यालाच मत, नाहीतर उद्या हे लोक मालमत्तेवरच हात टाकतील.

मालमत्ता असेल तरच मत, हा आयर्टनचा मुद्दा पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं जिंकत राहिला. शिपायांना काही मिळालं नाही, उलट दीड वर्षाने बर्फर्डला बंड केलेल्या तीन शिपायांना क्रॉमवेलने चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. काल संसदेबाहेर क्रॉमवेलचा पुतळा बघितला होता, तलवार आणि बायबल घेतलेला. रेन्सबरोचा पुतळा तिथे कुठे दिसला नाही. आणि या वादाची टिपणं एका चिटणिसाने शॉर्टहँडमध्ये घेतली होती, ती ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पडून राहिली आणि १८९० च्या सुमारास कोणाला तरी सापडली, तोपर्यंत पटनीला कोण काय बोललं हे खुद्द इंग्रजांनाही माहीत नव्हतं. मी मास्तर माणूस, मला हे वाचून धक्काच बसला, एवढं मोठं बोलणं अडीचशे वर्षं कपाटात.

बाहेर पडलो तर सगळे पब गच्च भरलेले, इंग्लंड स्लोव्हाकिया मॅच. शेवटच्या क्षणी गोल झाला तेव्हा पुलावरची बससुद्धा हॉर्न वाजवत होती.

सोमवार, १ जुलै : सॉल्झबरी आणि ओल्ड सेरम

वॉटरलूवरून ट्रेनने दीड तास. हिला कॅथेड्रल बघायचं होतं, १२३ मीटरचा कळस आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंच. मला बघायचा होता तिथे ठेवलेला मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाकडून लिहून घेतलेली हक्कांची सनद. १२१५ च्या मूळ प्रतींपैकी चारच उरल्यात, त्यातली ही एक आणि सगळ्यात चांगल्या अवस्थेतली. एका अंधाऱ्या तंबूसारख्या जागेत काचेमागे. चामड्याचा एकच तुकडा आणि त्यावर एवढी बारीक, दाट लॅटिन अक्षरं की ओळी मोजता येत नाहीत. कायद्याशिवाय कोणाही मुक्त माणसाला पकडायचं नाही हे कलम त्यात आहे, आणि त्याच कागदात थेम्स नदीतले मासे पकडायचे बांध काढून टाका असंही कलम आहे. मुक्त माणूस म्हणजे तेव्हा सगळे नव्हेतच, जमिनीला बांधलेली कुळं त्यात नव्हती. तरीपण राजालाही कायदा लागू, हे लिहून घेतलं हे मोठंच.

दुपारी बसने ओल्ड सेरमला गेलो, आणि खरं सांगतो, सगळ्या ट्रिपमध्ये ही जागा माझ्या मनात जास्त बसली. गावाबाहेर एक गवताळ टेकडी, भोवती खंदक, वर किल्ल्याच्या पडक्या भिंती आणि जुन्या कॅथेड्रलचा नुसता पाया, गवतात क्रॉसच्या आकाराचा. मेंढ्या चरत होत्या. १२२० च्या सुमारास कॅथेड्रल खाली नव्या गावात गेलं आणि हळूहळू माणसंही गेली. पण संसदेत इथले दोन खासदार चालूच! १८३२ पर्यंत! शेवटी शेवटी मतदार होते ११, आणि त्यातलाही कोणी इथे राहत नव्हता, जमिनीच्या तुकड्यांचे मालक म्हणून मत. निवडणूक खाली शेतात एका झाडाखाली व्हायची. आणि त्याच वेळी मँचेस्टर, लाखाच्या वर वस्ती, स्वतःचा खासदार शून्य.

आता यातला आपला धागा. ही जागा १६९० च्या सुमारास टॉमस पिट नावाच्या माणसाने विकत घेतली, जागेबरोबर दोन खासदारक्या आल्याच. पैसा कुठला, तर भारतातल्या व्यापाराचा. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला, गोवळकोंड्याच्या खाणीतला चारशे कॅरटच्या वरचा हिरा घेतला आणि १७१७ साली फ्रान्सच्या राजघराण्याला १,३५,००० पौंडांना विकला. तो हिरा आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. आणि त्याचा नातू विल्यम पिट १७३५ साली पहिल्यांदा खासदार झाला तो याच ओल्ड सेरममधून. प्लासीच्या वर्षी इंग्लंडचं युद्ध चालवणारा मंत्री तोच.

मी त्या खंदकाच्या काठावर बसलो आणि हिला समजावून सांगत होतो, की बघ, आपण म्हणतो इंग्लंडच्या संसदेने भारतावर राज्य केलं, पण त्या संसदेत बसणारे कित्येक जण भारतातल्याच पैशाने अशी ओसाड गावं विकत घेऊन बसलेले होते, कंपनीतून श्रीमंत होऊन परत आलेल्यांची तर त्या काळात रांगच लागली होती. म्हणजे आपलीच लूट, आणि त्यावर कायदा करणारेही तेच. ही म्हणाली, आणि इथला गरीब? मी म्हटलं, त्याचं बुधवारी बघू.

मंगळवार, २ जुलै : फिन्सबरी, प्रिमरोज हिल

रोजबेरी ॲव्हेन्यूवर फिन्सबरीचा जुना टाउन हॉल आहे, तिथे दादाभाई नौरोजींची पाटी आहे आणि जवळच्या एका छोट्या रस्त्याला नौरोजी स्ट्रीट नाव आहे. १८८६ ला ते हरले तेव्हा लॉर्ड सॉल्झबरी, म्हणजे त्या वेळचे पंतप्रधान, नंतर भाषणात म्हणाले की इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं वाटत नाही. १८९२ ला फिन्सबरीच्या मतदारांनी निवडून दिलं, पाच मतांनी. आमच्या एका ग्रामपंचायतीत दोन मतांनी निकाल लागल्यावर रात्री किती वेळा फेरमोजणी करावी लागली होती ते मला माहीत आहे, त्यामुळे पाच मतं म्हणजे काय ते मी समजू शकतो. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा आपल्या मुंबईचा माणूस हिरव्या बाकावर बसला आणि भारतातून दरवर्षी किती संपत्ती इकडे वाहून येते याचे आकडे याच लोकांना ऐकवले.

तिथून चॉक फार्मला ट्यूबने, आणि चालत १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे एकाच वेळी अभ्यास चालू. २०१५ ला महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. अरुंद जिना, वर छोट्या खोल्या, पुस्तकं, फोटो. आमच्याबरोबर नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यातल्या आजी प्रत्येक खोलीत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत होत्या. कोणी काही बोलत नव्हतं.

मी तिथे बसून माझ्या वहीत तारखा लिहिल्या, कारण हाच माझा प्रश्न होता. १९१९ ला, भारतात मत कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना बाबासाहेब २७ वर्षांचे आणि मागणी अस्पृश्यांच्या मताची आणि प्रतिनिधित्वाची. १९२८ ला सायमन कमिशनपुढे, प्रत्येक प्रौढ स्त्री पुरुषाला मत द्या. आता त्याच वर्षी इंग्लंडात काय, तर १९२८ लाच तिथल्या बायकांना पुरुषांबरोबरीने २१ व्या वर्षी मत मिळालं. त्याआधी १९१८ ला मिळालं होतं ते तिशीच्या पुढच्या आणि मालमत्तेची अट बसणाऱ्या बायकांना. म्हणजे जे इंग्लंडने स्वतः नुकतं केलं ते हा महूला जन्मलेला सुभेदाराचा मुलगा भारतातल्या शेतमजूर बाईसाठी मागत होता, आणि त्याला उत्तर मिळत होतं की हे लोक अजून तयार नाहीत.

आणि अजून एक. इंग्लंडात पदवीधरांना विद्यापीठाचं एक जादा मत आणि धंदेवाल्यांना दुकानाच्या जागेचं जादा मत असायचं, ते बंद झालं १९४८ च्या कायद्याने, आणि एका माणसाला एकच मत अशी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली फेब्रुवारी १९५० मध्ये. आपली राज्यघटना लागू झाली २६ जानेवारी १९५०. हे जुळलं तेव्हा मी जावयांना तिथूनच फोन केला.

बुधवार, ३ जुलै : मँचेस्टर

यूस्टनवरून सकाळची ट्रेन, सव्वादोन तास. सेंट पीटर्स स्क्वेअरला ट्राम, ऑफिसं, कॉफीची दुकानं, पण १८१९ साली हे मोकळं मैदान होतं. १६ ऑगस्टला इथे साठ हजारांच्या आसपास लोक जमले. विणकर, गिरणीवाले, आसपासच्या गावांतून मैलोन्मैल चालत, बायका पांढरे कपडे घालून पुढे, लेकरं कडेवर. मागणी काय, तर आम्हाला खासदार द्या, आम्हाला मत द्या. १८१५ च्या धान्य कायद्याने ब्रेड महाग झालेला आणि कायदा करणाऱ्यांत यांचा कोणी नाही. हेन्री हंट बोलायला उभा राहिला तेवढ्यात मॅजिस्ट्रेटने घोडदळ सोडलं. आधी पुढे आले ते गावातलेच, दुकानदार आणि कारखानदारांची घोड्यावरची तुकडी, तलवारींना आधीच धार लावून घेतलेली. पहिला बळी दोन वर्षांचा विल्यम फिल्ड्स, आईच्या हातातून घोड्याच्या धक्क्याने पडला. १८ जण गेले आणि जखमी सहाशेच्या वर. चारच वर्षांपूर्वी नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई जिंकलेली म्हणून लोकांनी या दिवसाला पीटर्लू म्हटलं. आणि सरकारने काय केलं, मॅजिस्ट्रेटचे आभार मानले आणि हंटला अडीच वर्षं तुरुंगात टाकलं.

मी तिथे उभा राहून तारखा लावत होतो. नोव्हेंबर १८१७, शनिवारवाड्यावर युनियन जॅक. त्याच महिन्यात आमच्या विदर्भात सीताबर्डीची लढाई, नागपूरकर भोसले हरले. १८१८ ला पेशवाई संपली. आणि १८१९ ला त्याच सरकारचं घोडदळ स्वतःच्या उपाशी लोकांवर. म्हणजे आपल्यावर राज्य करायला जे आले त्यांच्या देशातल्या या विणकराला काडीचा अधिकार नव्हता, त्याला कोणी विचारलं नव्हतं की पुणे घ्यायचं का. इंग्रज, इंग्रज असं जे आपण सरसकट म्हणतो ते मला या मैदानानंतर तसं म्हणवत नाही.

त्या मैदानाच्या जागेवर पुढे फ्री ट्रेड हॉल बांधला, आता तिथे हॉटेल आहे. भिंतीवर आधी निळी पाटी होती, तिच्यावर सैन्याने जमाव पांगवला एवढंच, मेल्याचा उल्लेखच नाही. लोकांनी भांडून २००७ मध्ये ती बदलायला लावली, आता लाल पाटी आहे, तिच्यावर घोडदळाचा हल्ला आणि मृत्यू दोन्ही लिहिलंय. २०१९ ला स्मारक झालं, गोल पायऱ्यांचं, पायऱ्यांवर मेलेल्यांची आणि लोक ज्या गावांतून आले त्या गावांची नावं कोरलेली. वर चढून कोणीही भाषण करावं अशी कल्पना, पण व्हीलचेअरवाल्याला चढायला सोय नाही, आणि समान हक्काच्या स्मारकाला हे शोभत नाही असं तिथल्या लोकांनी तेव्हाच सुनावलं, ते बरोबरच होतं.

याच फ्री ट्रेड हॉलमध्ये १८६२ च्या ३१ डिसेंबरला गिरणी कामगारांची सभा झाली. अमेरिकेत यादवी, कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या बंद, घरात खायला नाही, आणि या लोकांनी ठराव केला लिंकनच्या बाजूने, गुलामांच्या सुटकेच्या बाजूने. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना पत्र पाठवलं, गावात त्याचा पुतळा आहे. आम्हा वऱ्हाडच्या लोकांना हा काळ दुसऱ्या बाजूने माहीत, कारण तेव्हाच आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या आणि मागोमाग रेल्वे आली. आमचा कापूस ज्यांच्या हातात जायचा त्या माणसांना तेव्हाही मत नव्हतं. शहरातल्या कामगारांना ते १८६७ पासून मिळायला लागलं.

दुपारी पीपल्स हिस्टरी म्युझियम, नदीकाठच्या जुन्या पंप हाउसमध्ये. कामगार संघटनांचे रेशमी बॅनर एवढे मोठे की दोन मजले लागतात. चार्टिस्टांच्या, म्हणजे मतासाठी चळवळ करणाऱ्या कामगारांच्या, सहा मागण्या तिथे वाचल्या, १८३८ च्या. सगळ्या पुरुषांना मत, गुप्त मतदान, मालमत्तेची अट नको, खासदाराला पगार, सारखे मतदारसंघ, दरवर्षी निवडणूक. शेवटची सोडून पाचही आज लागू आहेत. गुप्त मतदान आलं १८७२ ला, खासदारांना पगार १९११ ला. मागताना यातले कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. मी आयुष्यभर जो पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर उभा केला, मत कोणाला दिसू नये म्हणून, तो त्या सहामधला एक आहे.

गुरुवार, ४ जुलै : मतदान

सगळ्यात आधी हे सांगतो कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझी भाची भारतीय पासपोर्टवाली आहे, वर्क व्हिसावर आहे, आणि तिला ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मत आहे! कॉमनवेल्थ देशाचा नागरिक तिथे कायदेशीर राहत असेल तर मत देऊ शकतो. २०२३ पासून ओळखपत्र दाखवावं लागतं आणि त्यात कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो. म्हणजे अशोकस्तंभ असलेला आपला निळा पासपोर्ट दाखवून तिने मत दिलं. दादाभाईंना पाच मतांसाठी काय काय ऐकावं लागलं ते परवाच बघितलेलं, म्हणून मला दारात उभं राहून भरून आलं.

केंद्र म्हणजे एका चर्चचा हॉल. दाराला पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरात पोलिंग स्टेशन. सकाळी ७ ते रात्री १०. मी आत गेलो नाही, मला मत नाही, मी फाटकाशीच थांबलो. पोलीस नाही, शंभर मीटरची चुन्याची रेघ नाही, एक जण कुत्रं घेऊन आत गेला आणि घेऊन बाहेर आला. बाहेर पक्षाचं फूल लावलेल्या दोन बाया खुर्च्या टाकून बसलेल्या, वेगवेगळ्या पक्षांच्या, आणि एकाच थर्मासमधून चहा पीत होत्या. भाचीने बाहेर आल्यावर सगळं सांगितलं, यादीत नाव बघून कागदी मतपत्रिका देतात, लाकडी आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल असते, तिने फुली मारायची, घडी घालून काळ्या पेटीत टाकायची. शाई नाही. मी विचारलं, पेन्सिल? कोणी खोडलं तर? म्हणे स्वतःचं पेन नेलं तरी चालतं, पण लोक पेन्सिलच वापरतात. मला पक्की शाईच बरी वाटते, तिच्यावर माझा जीव आहे.

रात्री १० च्या ठोक्याला एक्झिट पोल, लेबर पक्षाला ४१० जागा, सुनक यांच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाला १३१. मग पेट्या पळत पळत मोजणीच्या हॉलमध्ये, सगळी मोजणी हाताने, आणि सव्वाअकराला सुंदरलंडचा पहिला निकाल. मी रात्रभर जागा होतो. आपले पंतप्रधान निकालाच्या दिवशी दिल्लीत असतात, इथे पंतप्रधानालाही आपल्या मतदारसंघातल्या हॉलमध्ये बाकी उमेदवारांच्या रांगेत उभं राहून आकडे ऐकावे लागतात. सुनक यांच्या रांगेत डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला काउंट बिनफेस नावाचा उमेदवार होता. हसण्यावारी नेण्यासारखं आहे पण मला त्यात फार मोठं काहीतरी वाटलं, की ५०० पौंड डिपॉझिट भरलेला कोणीही त्या रात्री पंतप्रधानाच्या बरोबरीने उभा राहतो. लिझ ट्रस, दोन वर्षांपूर्वीच्या पंतप्रधान, ६३० मतांनी पडल्या.

शुक्रवार, ५ जुलै

सकाळी सुनक दारात आले, लोकांना सॉरी म्हणाले, राजाकडे गेले, आणि दुपार व्हायच्या सुमारास लेबरचे स्टार्मर त्याच दारातून आत. आदल्या रात्री दहापर्यंत मतदान चालू होतं! गोंधळ नाही, रिसॉर्ट नाही, आमदार कुठे कुठे लपवलेत याच्या बातम्या नाहीत. हे आपण शिकावं असं मला मनापासून वाटतं.

पण आकडे घेऊन बसलो तर जावयांशी वाद झाला. लेबरला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांच्या वर मतं आणि जागा पाच, लिबरल डेमोक्रॅट्सना त्यापेक्षा कमी मतं आणि जागा ७२. जावई म्हणाले ही पद्धतच बदलायला हवी. मी म्हटलं आपल्याकडेही हीच पद्धत आहे, जास्त मतं तो विजयी, आणि त्याने सरकार तरी उभं राहतं. त्यांनी मतदानाचा आकडा दाखवला, साठ टक्क्यांच्या जरा खाली. १८१९ ला ज्यासाठी तलवारी अंगावर घेतल्या ते दहापैकी चार जणांनी वापरलंच नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, २०२४ लाही ९२ जागा नुसत्या जन्माने मिळणाऱ्या होत्या, २६ बिशप वेगळे. लेबरने त्या ९२ जागा काढायचं आणि १६ व्या वर्षी मत द्यायचं आश्वासन जाहीरनाम्यात दिलं होतं, म्हणजे मँचेस्टरच्या मैदानातलं काम तेव्हाही चालूच होतं.

संध्याकाळी जावयांचा एक दोस्त जेवायला आला, साताऱ्याचा पोरगा, मास्टर्स करून तिथेच नोकरीला लागलेला. मी विचारलं, काल मत दिलं का? तो म्हणाला काका, मी तर इंडियन आहे. भाचीने लगेच लॅपटॉप काढला. जन्मतारीख, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर, ताटं वाढून व्हायच्या आत त्याची नोंदणी पाठवून झाली.